मामांचं पाकीट

लायसन्स पोस्टानं घरी आलं त्या दिवशी मी बाजारातून आहेराचं एक पाकीट आणलं. वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, तसलं. त्यात पाचशेच्या दोन नोटा घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. गाडी शिकवणाऱ्या मामांना ते द्यायचं होतं. पुढचे अकरा दिवस ते पर्समध्येच राहिलं.

"एवढं काय त्यात? द्यायचे तर दे, नाहीतर राहू दे," असं ह्यांनी पुण्याहून फोनवर सांगितलं. खरंच, गोष्ट एवढीशी आहे. टेस्ट पास झाल्यावर शिकवणाऱ्याला काही वर द्यावं की नाही? पण मी त्या एवढ्याशा गोष्टीत चांगलीच अडकले आणि अडकण्याचं कारण मीच होते. म्हणून लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, हायस्कूलला शिकवते, नेसरीत राहते. ह्यांची नोकरी पुण्याला, महिन्यातून एकदा येणं होतं. अम्मी माझ्याजवळ असते. तिला दर पंधरा दिवसांनी बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. दारात गाडी आहे, पण ती महिन्याचे अठ्ठावीस दिवस कव्हरखाली. त्यामुळे प्रत्येक वेळी भाड्याची गाडी सांगायची, ड्रायव्हरची वेळ सांभाळायची. वाटेत अम्मीला दोन मिनिटं उतरावंसं वाटलं तरी परक्या माणसाला गाडी थांबव म्हणायला ती लाजायची. बेळगाव येईपर्यंत तशीच बसून राहायची. एकदा परत येताना तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं.

शिकवायला मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं. आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिक्षण झालेलं, मग बरीच वर्षं ट्रकवर. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ट्रक सोडला आणि हे काम धरलं. मी मास्तरीण म्हणून मला ते "बाई" म्हणायचे.

फज्रची नमाज झाली की साडेसहाला गाडी दारात यायची. आधी गावाबाहेरचा मोकळा रस्ता, मग प्रतापराव गुजरांच्या स्मारकाकडे. २४ फेब्रुवारी १६७४ ला सात जण बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथंच. त्या सातांत सिद्दी हिलाल हे नावही सांगतात आणि आमच्या शाळेतली मुस्लीम मुलं सहलीला तिथं गेली की ते नाव बोट ठेवून वाचतात. मी मात्र त्या वाटेवर महिनाभर एवढंच शिकत होते की चढावर थांबलेली गाडी मागं न सरकवता पुढं कशी काढायची. मामा म्हणायचे, "हाफ क्लच म्हंजे भाकरी थापायचं काम बाई. जोर न्हाई, अंदाज."

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, तसा नियमच आहे. मामा तो ब्रेक क्वचित वापरायचे. "माझा ब्रेक लागला की तुमचं शिकणं थांबलं," म्हणायचे. नवव्या दिवशी समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, मी घाबरून स्टेअरिंग सोडलं, तेव्हा मात्र त्यांनी तो दाबला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि एक शब्द न बोलता पाच मिनिटं बसून राहिले. मग म्हणाले, "आता परत त्येच्याच मागनं जाऊया." गेलो.

नियमानं हलक्या गाडीचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी हाती धरणं किमान दहा तासांचं. मला मामांनी सव्वीस दिवस शिकवलं. वरच्या पाच दिवसांचा हिशेब त्यांनी कुठं मांडला नाही.

आता माझी चूक सांगते.

टेस्टच्या चार दिवस आधी स्कूलच्या ऑफिसात बोलावलं. शिकण्याची फी मी पहिल्या दिवशीच भरली होती, पावतीसकट. सरकारी फी ऑनलाइन भरली होती : टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००, केंद्रीय नियमांत लिहिलेला दर. टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, वरचे पंधराशे."

"कशाचे?"

"टेस्टचे. मामांचं पण त्यातच आलं. सगळं धरून."

मी नागरिकशास्त्र शिकवते. पावती मागायला हवी होती. पण टेस्टच्या रांगेत अठरा-वीस वर्षांची पोरं असणार, त्यातली दोन-तीन माझीच विद्यार्थी, आणि त्यांच्यासमोर बाई नापास झाल्या तर, ही भीती होती. अम्मीची पुढची तारीखही जवळ आली होती. आणि "मामांचं पण त्यातच आलं" हे वाक्य फार सोयीचं होतं. त्या माणसाला काहीतरी द्यायचं मनात होतंच, ते यातूनच गेलं असं स्वतःला सांगता आलं. मी पंधराशे दिले. पावती नव्हती.

टेस्ट झाली. निरीक्षक साहेब कडक होते. गाडी मागं घेताना माझं चाक रेघेजवळ गेलं तर पुन्हा घ्यायला लावली. दुसऱ्यांदा नीट घेतली. पास. मामा लांब झाडाखाली उभे होते, त्यांनी फक्त मान हलवली.

लायसन्स हातात आलं तरी मनात राहिलं की मामांना आपण स्वतःच्या हातानं काहीच दिलं नाही. म्हणून ते पाकीट. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते गाठ पडले. मी पाकीट पुढं केलं.

"ह्ये कशाचं?"

"खुशीचं मामा. पास झाले म्हणून."

"हापिसात दिलासा न्हवं?"

"दिले की. तुमचं त्यात आलं म्हणाले होते, पण..."

मामा हसले. रागानं नाही, थकून हसतात तसं. "माझं? बाई, मला म्हैन्याला जे ठरलंय ते मिळतंय. मानूस पास हूं दे न्हाईतर नापास. आन आता ह्ये घेटलं तर मी बी त्याच रांगंत की." त्यांनी चहा संपवला, माझ्याही चहाचे पैसे दिले आणि निघून गेले.

मी पाकीट पर्समध्ये ठेवलं. ज्यानं शिकवलं त्याला काही मिळालं नाही आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याला मी दिलं, हे तिथं उभ्या उभ्या कळलं. ते पंधराशे त्या टेबलाच्या पुढं गेले की त्याच खणात राहिले, मी सांगू शकत नाही. पण कुठंही गेले असले तरी मी ते एका भीतीपोटी दिले होते आणि त्या भीतीवर मी मामांचं नाव चिकटवू दिलं होतं.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. मी खरंच पास झाले होते का? रेघेच्या आत गाडी घेतली ती मीच. पण पंधराशे दिले नसते तर दुसऱ्यांदा संधी मिळाली असती का, हा प्रश्न आता कायमचा माझ्या मागं लागला.

पुढचे दिवस मी एका शब्दाचा विचार करत होते : बक्षीस. फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. मराठीत शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळतं तेही बक्षीस, बापानं मुलीच्या नावे जमीन केली की होतं ते बक्षीसपत्र आणि हॉटेलात ताटलीत ठेवतो तीही बक्षिसी. घरात आमच्या दखनी बोलीत बख्शना म्हणजे माफ करणं. एकाच शब्दात मान, माया, मेहेरबानी आणि माफी. देणाऱ्याच्या मनात यातलं नेमकं काय आहे, हे शब्दावरून कळायचं नाही.

माझे आजोबा मुलाणकी करायचे. सुगीला खळ्यावर मळणी झाली की बलुतं आणायला जायचे. भात, नाचणी, जे पिकलं असेल ते. गावगाड्यात बलुतं हा हक्क मानला जायचा. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) वाचलं तर ती सगळी रचना दिसते. पण आजोबा सांगायचे की हक्क असला तरी माप किती भरायचं ते खळ्याच्या मालकाच्या हातात. कुणी सूप हलवून शीग भरायचा, कुणी वरून हात फिरवून सपाट करायचा. तोवर कडेला उभं राहायचं, चेहरा हसरा ठेवायचा. अब्बांनी त्या खळ्यावर जायचं सोडलं आणि एसटीत महिन्याच्या पगारावर लागले. पगार आजोबांच्या चांगल्या वर्षाच्या बलुत्यापेक्षा फार मोठा नव्हता, पण अब्बा म्हणायचे, पगार बसून घेता येतो.

जे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं ते उभं राहून घ्यावं लागतं. टिपेचंही तेच आहे.

अमेरिकेत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे. पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांत सामान उचलणारे, बिछाने घालणारे हमाल बहुतेक काळे होते. कंपनी पगार तुटपुंजा द्यायची आणि उरलेलं प्रवाशांच्या टिपांवर सोडायची. म्हणजे घर चालवायचं तर येईल त्या प्रवाशासमोर हसत राहायचं. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीशी करार करून घेतला. त्यांचं म्हणणं असं नव्हतं की प्रवासी कंजूष आहेत. पोट टिपेवर ठेवू नका, पगार द्या, हे होतं. त्याच देशात टीप घेणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच आहे. टीप जिथं रीत होते, तिथं मालकाला पगार न वाढवण्याचं कारण मिळतं.

म्हणजे मी आज मामांना हजार दिले, उद्या सगळ्यांनी द्यायला सुरुवात केली, तर परवा ऑफिसवाला मामांना म्हणणार, तुम्हाला वरचं मिळतंय की!

माझी एक चुलत बहीण इंग्लंडमध्ये असते. तिला विचारलं. ती म्हणाली, इथं टीप देत नाहीत, फार तर आभाराचं कार्ड, चॉकलेटचा डबा. तिच्या बोलण्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तिथं परीक्षा घेणारा सरकारी संस्थेचा माणूस असतो आणि शिकवणारा फार तर मागच्या सीटवर गप्प बसू शकतो. शिकवणाऱ्याच्या हातात निकाल नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून चॉकलेटचा डबा चॉकलेटचाच राहतो. आपल्याकडे फी घेणारं ऑफिस, फॉर्म भरणारं ऑफिस, टेस्टला गाडी देणारं ऑफिस एकच. त्यामुळे शिकवणाऱ्याला दिलेला रुपयाही निकालाला चिकटल्यासारखा दिसतो.

यावर आपल्याकडे जुना दाखला आहे, हदीस वाचणाऱ्यांना माहीत असेल. इब्न अल-लुत्बिय्या नावाच्या माणसाला पैगंबरांनी जकात गोळा करायला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यानं माल दोन भागांत मांडला : हे तुमचं, हे मला भेट मिळालं. पैगंबर नाराज झाले. मिंबरवर उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर जे विचारलं त्याचा आशय असा, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? बुखारी आणि मुस्लीम दोन्हींत ही हदीस आहे. लाच आणि भेट यांतला फरक तपासायला मला यापेक्षा सोपी कसोटी माहीत नाही. पाकिटावर काय लिहिलं आहे ते बघायचं नाही. ती खुर्ची नसती तरी हे पाकीट आलं असतं का, एवढंच बघायचं.

ही कसोटी मी स्वतःवर लावत आलेय. निकालाआधी पालक घरी काही घेऊन आले तर मी उंबऱ्यावरूनच परत पाठवते. एकदा दहावीचा निकाल लागून, मुलगी शाळा सोडून गेल्यावर तिचे वडील आजरा घनसाळचं अर्धं पोतं घेऊन आले. ते मी ठेवून घेतलं. माझ्या हातात तिचं काहीच उरलं नव्हतं, तरी ते आले होते. त्या भाताची चव अजून आठवते. दुसऱ्याला लावायची कसोटी मला पाठ होती. ऑफिसातल्या टेबलापुढं स्वतः बसले तेव्हा विसरले.

दुसरा दाखला मजुरीचा. कामगाराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, या अर्थाची हदीस आपण लग्नाच्या मंडपवाल्यापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना ऐकवतो. मी मामांच्या त्या पाच जादा दिवसांचं काय केलं? ती खुशी नव्हती, ती मजुरी होती. मी मजुरी बुडवून खुशी द्यायला निघाले होते.

सातव्या दिवशी मामांना फोन केला. म्हटलं, मी ऑफिसात जाऊन त्या पंधराशेची पावती मागणार आहे. ते थोडा वेळ गप्प झाले. "मागा बाई. पर माझं नाव काडू नगा. मला तितंच काम करायचं हाय." माझं मन साफ करायचं आणि किंमत मामांनी मोजायची, हेही मला आधी सुचलं नव्हतं. मी गेले, नाव घेतलं नाही. पावती मिळाली नाही, पैसे मिळाले नाहीत, "मॅडम, समजून घ्या" एवढं मिळालं. मी सांगून आले की आमच्या शाळेतल्या दोघीजणी तुमच्याकडे नाव घालणार आहेत आणि त्या प्रत्येक रुपयाची पावती मागतील.

त्याच फोनवर मी दुसरंही बोलले. म्हटलं, मामा, मला गाडी येते की नाही हेच कळेना झालंय. ते म्हणाले, "मग रविवारी आईस्नी घिऊन बेळगावला जाऊन या. एकट्या. आल्यावर सांगा."

गेलो. अम्मी शेजारी तसबीह घेऊन. मामांचा ब्रेक नव्हता. अर्ध्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या आल्या तेव्हा हात घामेजले, पण स्टेअरिंग सुटलं नाही. एका ठिकाणी अम्मी म्हणाली, "जरा थांबव गं," आणि मी थांबवलं. ती उतरली, झाडाखाली उभी राहिली, पाणी प्याली, सावकाश परत आली. तिला कुणाची लाज वाटली नाही. संध्याकाळी घरात पाय ठेवला तेव्हा तो मागं लागलेला प्रश्न सुटला होता. लायसन्सवर शंका घेता येईल, त्या रस्त्यावर नाही.

अम्मीला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तुझं कुरआन पुरं झालं तेव्हा हाफिजसाहेबांना काय दिलं होतं आठवतं?" आठवत होतं. कपडे, मिठाई आणि पाकीट. पण ते अब्बा मशिदीत नेऊन देऊन आले नव्हते. त्यांच्या घरी गेलो होतो, सगळे. त्यांच्या बीबींनी आम्हाला जेवू घातलं होतं.

अकराव्या दिवशी आम्ही दोघी मामांच्या घरी गेलो. गाडी मी चालवली. आधी मी पाच दिवसांचा हिशेब काढला. माझी सगळी फी भागिले एकवीस, गुणिले पाच. मामा नको नको म्हणत होते. मी म्हटलं, ही खुशी नाही, मजुरी आहे. ऑफिसनं ती घेतली नाही, ज्यानं काम केलं त्यानं घ्यायची. माझ्या पगारातला एक दिवस कापला तर मी भांडते मामा. ते ऐकल्यावर त्यांनी मोजून घेतले, बसून.

पाकीट अम्मीनं मामांना दिलंच नाही. त्यांचा चार वर्षांचा नातू खांबाला धरून उभा होता, त्याच्या हातात ठेवलं. "खाऊला." मामा काही बोलायच्या आत मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो, म्हातारीचा हात हाय." निघताना त्यांनी आमच्या डिकीत पाटीभर रताळी ओतली. त्यावर आम्ही नको म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आता शाळेतल्या त्या दोघी मला विचारतात, पास झाल्यावर मामांना किती द्यायचे? मी सांगते, टेस्टच्या आधी एक रुपयाही नाही, कुणालाच. शिकवणं जेवढं जास्त झालं असेल तेवढी मजुरी उघडपणे द्या. आणि त्यावरही मन भरून आलं असेल, तर कधीतरी त्यांच्या घरी जा. ते तुम्हाला चहा पाजू शकतील अशा ठिकाणी. द्यायलाच हवं असं नाही. नुसतं गाडी चालवत गेलात तरी मामांना दिसेल.